जुने आयकर प्रकरण पुन्हा उघडले तर काय करावे? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या करदात्यांसाठी

जमीन विकून चार वर्षे झाली. पैसे बँकेत भरले, भावंडांची वाटणी झाली, कुणी घर बांधले, कुणी मुलीचे लग्न केले. त्या वर्षाचा हिशेब मिटला असे सगळे धरून चालतात. आणि मग आयकर खात्याचा ई-मेल येतो की, अमुक वर्षाचे तुमचे उत्पन्न करआकारणीतून सुटलेले दिसते, तुमचे प्रकरण पुन्हा का उघडू नये ते सांगा.

आमच्या घरी वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीवरून ही प्रक्रिया पहिल्या नोटिशीपासून अपिलापर्यंत झाली. त्यानंतर गावातले, नात्यातले लोक अशाच नोटिसा घेऊन येऊ लागले आणि प्रत्येकाचे प्रश्न तेच होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. खात्याला जुने वर्ष उघडण्याचा अधिकार आहे. पण हाती कोणती माहिती आहे ते न दाखवता आणि तुमचे म्हणणे न ऐकता ते उघडता येत नाही. कायद्याने घातलेले मोजके अपवाद पुढे येतीलच. ऐकून घेतले जाण्याचा हा हक्क मात्र मुदतीत आणि लेखी मागावा लागतो. तोंडी बोललेले कोणत्याही फाइलमध्ये राहत नाही.

## १. नोटीस खरी आहे का आणि कोणत्या कलमाखालची, हे आधी पाहा

१ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर आणि आदेशावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, असावा लागतो. ई-फायलिंग पोर्टलच्या पहिल्या पानावर लॉगिन न करताही हा क्रमांक टाकून नोटीस तपासता येते. हे केल्याशिवाय मेलमधल्या कोणत्याही लिंकवर बोट ठेवू नका. नोटीस खरी असेल तर ती पोर्टलवर लॉगिन केल्यावर ‘ई-प्रोसीडिंग्ज’ या भागातही बहुधा दिसतेच.

मग कलम वाचा. आयकर कायदा, १९६१ मधली ही कलमे लक्षात ठेवा:

- कलम १३३(६): फक्त माहिती मागितली आहे. बँक खाते, जमीन व्यवहार वगैरे.
- कलम १४८ए: प्रकरण का उघडू नये, अशी कारणे दाखवा नोटीस.
- कलम १४८: प्रकरण उघडले आहे, रिटर्न भरा.
- कलम १४२(१) आणि १४३(२): चौकशी सुरू आहे, कागद द्या.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला असला, तरी त्याआधीच्या वर्षांची प्रकरणे १९६१ च्या कायद्यानेच चालतात. त्यामुळे जुन्या वर्षाच्या नोटिशीवर हीच कलमे दिसतील.

१३३(६) च्या पत्राकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात, आणि मोठा सापळा तिथेच आहे. ई-व्हेरिफिकेशन योजनेखाली (खात्याकडे आलेली माहिती ऑनलाइन पडताळून पाहण्याची योजना) तुमच्या एखाद्या व्यवहाराची विचारणा झाली आणि तुम्ही गप्प बसलात, तर त्या योजनेतून गेलेल्या माहितीच्या आधारे अधिकाऱ्याला १४८ए चा टप्पा वगळून थेट १४८ ची नोटीस काढता येते. म्हणजे प्रकरण उघडण्यापूर्वी आपली बाजू मांडायची संधी तिथेच संपते. विचारणा साधी दिसली तरी उत्तर द्याच.

आणखी एक गोष्ट आजच करून टाका. पोर्टलवर तुमचा ई-मेल आणि मोबाईल नंबर कोणाचा आहे तो पाहा. पॅन काढताना सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा मेल टाकलेला असतो, किंवा जुन्या कर सल्लागाराचा नंबर तसाच राहिलेला असतो. नोटिसा त्या पत्त्यावर जात राहतात, आणि इकडे घरच्यांना पहिली खबर लागते ती थेट लाखोंच्या मागणीची.

## २. मुदत मोजा

१ सप्टेंबर २०२४ पासून नियम असा आहे. असेसमेंट वर्ष (उत्पन्न झाले त्या आर्थिक वर्षाच्या पुढचे वर्ष) संपल्यापासून ३ वर्षांच्या आत १४८ए ची नोटीस आणि ३ वर्षे ३ महिन्यांच्या आत १४८ ची नोटीस निघाली पाहिजे. सुटलेले उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्याचे दाखवणारा पुरावा अधिकाऱ्याकडे असेल, तर या मुदती अनुक्रमे ५ वर्षे आणि ५ वर्षे ३ महिने होतात. पूर्वी मोठ्या रकमांना १० वर्षांपर्यंत मुदत होती.

उदाहरण घ्या. जमीन २०२१-२२ या आर्थिक वर्षात विकली, तर असेसमेंट वर्ष २०२२-२३. ते ३१ मार्च २०२३ ला संपले. साध्या प्रकरणात १४८ए ची शेवटची तारीख ३१ मार्च २०२६ आणि १४८ ची ३० जून २०२६. पन्नास लाखांच्या वरच्या प्रकरणात ३१ मार्च २०२८ आणि ३० जून २०२८.

इथे एक मुद्दा ठासून मांडावा लागतो. पन्नास लाखांची मर्यादा सुटलेल्या उत्पन्नाची आहे. जमीन ६० लाखांना विकली म्हणजे ६० लाख उत्पन्न झाले असे होत नाही. खरेदीची किंमत वजा जाते, आणि चार भावांच्या नावे जमीन असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला चौथाई येते. सब-रजिस्ट्रार कार्यालयातून ३० लाख व त्यावरील व्यवहारांची माहिती खात्याकडे जाते, बँकेतून बचत खात्यातल्या वर्षभरातल्या १० लाख व त्यावरील रोख भरण्याची जाते. त्या माहितीत एकूण रक्कम असते. तुमचा नफा किती, वाटा किती, हे तिला कळत नाही. ते तुम्ही सांगायचे.

## ३. कोणती माहिती आहे ती मागा

१४८ए ची नोटीस येते तेव्हा तिच्यासोबत, उत्पन्न सुटल्याचे सुचवणारी माहिती जोडलेली असलीच पाहिजे. ‘तुमच्या खात्यात मोठी रक्कम जमा झाल्याची माहिती आहे’ एवढ्या एका ओळीवर उत्तर देत बसू नका. पोर्टलवरूनच लिहा: कोणत्या बँकेतले कोणते खाते, कोणत्या तारखांचे व्यवहार, माहिती कोणत्या स्रोतातून आली, कोणाचा जबाब असल्यास त्याची प्रत द्यावी. अपुऱ्या वेळेत उत्तर मागितले असेल तर ‘सीक अ‍ॅडजर्नमेंट’ या पर्यायातून मुदतवाढही मागा आणि कारण लिहा. आरटीसी (कर्नाटकातला सातबारासारखा जमिनीचा उतारा) काढायला, बँकेकडून जुने स्टेटमेंट मिळवायला वेळ लागतो, हे प्रामाणिक कारण आहे.

या हक्कामागे मोठी परंपरा आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्स प्रकरणात सांगितले की, करदात्याने मागितल्यावर अधिकाऱ्याने प्रकरण उघडण्याची कारणे दिली पाहिजेत, करदात्याला आक्षेप घेता आले पाहिजेत, आणि त्या आक्षेपांवर कारणांसहित आदेश झाला पाहिजे. २०२१ च्या वित्त कायद्याने कलम १४८ए आणून ऐकून घेण्याचा हा टप्पा प्रकरण उघडण्याच्या आधीच ठेवला. म्हणून माहिती मागताना संकोच करायचे कारण नाही. उपकार म्हणून मागत नाही आहोत आपण.

## ४. कागद जमवा

आपल्या भागात हे काम सर्वांत किचकट आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

जमिनीच्या प्रकरणात लागणारे कागद:

- विक्रीचे आणि मूळ खरेदीचे नोंदणीकृत खरेदीपत्र
- विक्रीच्या वर्षाचा आणि आधीच्या दोन-तीन वर्षांचा आरटीसी उतारा, पिकांच्या नोंदीसह
- म्युटेशनच्या (फेरफाराच्या) नोंदी, वाटणीपत्र, वारसा दाखला
- गावापासून नगरपालिका किंवा महापालिका हद्दीचे अंतर दाखवणारा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला
- सर्व खात्यांचे त्या वर्षाचे बँक स्टेटमेंट
- फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा तपशील) आणि एआयएस (खात्याकडे आलेल्या तुमच्या व्यवहारांची वार्षिक यादी), दोन्ही पोर्टलवरून

शेतीच्या आणि रोख रकमेच्या प्रकरणात:

- साखर कारखान्याची ऊसबिले, तंबाखू किंवा भाजीपाल्याच्या अडत दुकानातल्या पट्ट्या, काजू विक्रीच्या पावत्या
- पिग्मीचे पासबुक, पतसंस्थेच्या ठेवीची पावती आणि ती मोडल्याची नोंद
- आधी बँकेतून काढलेली रोकड पुन्हा भरली असेल, तर काढल्याची नोंद

अंतराचा दाखला का, ते सांगतो. ग्रामीण भागातली शेतजमीन ही कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ग्रामीण कोणती, हे जवळच्या शहराच्या लोकसंख्येवर ठरते. १० हजारांहून अधिक ते १ लाख लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून २ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी धरतात. १ लाखाहून अधिक ते १० लाखांपर्यंत ६ किलोमीटर. १० लाखांच्या वर ८ किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव शहर पाच लाखांच्या आसपास, म्हणजे ६ किलोमीटर. निपाणी एक लाखाच्या आत, म्हणजे २ किलोमीटर. अंतर सरळ हवाई रेषेने मोजतात, रस्त्याने नाही. बेळगावला लागून असलेल्या गावांत एकाच शिवारातला एक सर्व्हे नंबर करमुक्त आणि दुसरा करपात्र असू शकतो. त्यामुळे ‘आमचे गाव खेडे आहे’ एवढे म्हणून भागत नाही, सर्व्हे नंबरनिशी दाखला लागतो.

आता भाषेचा प्रश्न. आरटीसी कन्नडमध्ये, आजोबांचे वाटणीपत्र मराठीत, कधी मोडीत. चंदगड तालुक्यात जमीन असेल तर सातबारा मराठीत. आपल्याकडे एकाच घराची शेती सीमेच्या दोन्ही बाजूंना असणे नवलाचे नाही. नोटीस मात्र इंग्रजीत, आणि फेसलेस पद्धतीत, म्हणजे समोरासमोर न भेटता फक्त पोर्टलवरून चालणाऱ्या कामात, ती हाताळणारा अधिकारी देशाच्या कोणत्याही टोकाला बसलेला असू शकतो. त्याला ना कन्नड येत असेल ना मराठी. प्रत्येक कागदासोबत इंग्रजी भाषांतर जोडा, भाषांतर करणाऱ्याची सही घ्या, आणि सर्व्हे नंबर, क्षेत्र, नावे, तारखा मूळ कागदाशी ताडून पाहा. वडिलांचे नाव एका कागदावर ‘मारुती’, दुसऱ्यावर ‘मारुतीराव’ असेल तर दोन्ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. भाषांतर नाही म्हणून चांगला पुरावा वाया जाणे ही मला सर्वांत दुःखाची गोष्ट वाटते, कारण तो पुरावा खरा असतो.

## ५. उत्तर लिहा

उत्तराचे दोन भाग करा आणि दोन्ही एकाच वेळी द्या. पहिल्या भागात प्रक्रियेचे आक्षेप: मुदत उलटली आहे का, माहिती जोडली आहे का, वरिष्ठांची मंजुरी आहे का, डीआयएन आहे का. दुसऱ्या भागात व्यवहाराचा खुलासा, तारखेनुसार, प्रत्येक रकमेसमोर कागदाचा क्रमांक घालून.

नोटीस मिळालीच नाही किंवा वेळेत मिळाली नाही, असा आक्षेप असेल तर तो करनिर्धारण पूर्ण होण्याआधी घ्यावा लागतो. तोवर गप्प राहून कामकाजात भाग घेतला, तर कलम २९२बीबी मुळे नंतर तो मुद्दा काढता येत नाही. त्याच वर्षाची पूर्वी सविस्तर तपासणी झालेली असेल तर तो आदेशही जोडा. तेच कागद पुन्हा वाचून केवळ मत बदलले म्हणून प्रकरण उघडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली केल्व्हिनेटर प्रकरणात स्पष्ट केले आहे.

काही लोक घाईत ‘पाहुण्यांकडून हातउसने घेतले’ असे लिहून मोकळे होतात. कृपया हे करू नका. २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कर्जाऊ घेण्यावर बंदी आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. देणारा-घेणारा दोघेही शेतकरी असून दोघांनाही करपात्र उत्पन्न नसेल तरच सूट आहे. शिवाय त्या पाहुण्यालाही नोटीस जाते. भिशीचे पैसे असतील तर भिशीचेच सांगा, सदस्यांची यादी आणि लेखी दुजोरे द्या. खुलासा न पटल्यास असेसमेंट वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी त्या रकमेवर ६० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर, मिळून ७८ टक्के लागतो. इतके पणाला लागलेले असताना खोट्या खुलाशाचा आधार घेऊ नये.

नोटीस वारलेल्या माणसाच्या नावे आली असेल तर मृत्यू दाखला जोडून लगेच कळवा आणि पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा. मृत व्यक्तीच्या नावे काढलेली नोटीस टिकत नाही असे उच्च न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे, पण हा आक्षेप लेखी नोंदवलेला असला पाहिजे. वारसाची जबाबदारीही मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. भीतीपोटी आपली जमीन विकायला निघू नका.

## ६. आदेश वाचा, रिटर्न भरा

तुमचे उत्तर पाहून अधिकारी १४८ए(३) खाली आदेश काढतो. त्याला वरिष्ठांची मंजुरी लागते. सध्याच्या नियमात ते अतिरिक्त किंवा संयुक्त आयुक्त, किंवा अतिरिक्त किंवा संयुक्त संचालक. प्रकरण उघडायचे ठरले तर १४८ ची नोटीस येते आणि तिच्यासोबत या आदेशाची प्रत असावी लागते.

आदेश हातात पडला की आपल्या उत्तराशेजारी ठेवून वाचा. तुमच्या कोणत्या मुद्द्याला उत्तर दिले, कोणत्याला नाही, त्यावर पेन्सिलने खुणा करा. पुढे अपिलात याच खुणा कामाला येतात.

आणि प्रकरण चुकीचे उघडले आहे असे तुम्हाला कितीही वाटत असले तरी रिटर्न भरा, निषेध नोंदवून भरा. नोटिशीत दिलेल्या मुदतीतच भरा. उशिरा भरलेल्या रिटर्नला नियमित रिटर्नचा दर्जा मिळत नाही आणि १४३(२) ची नोटीस काढल्याशिवाय तपासणी करता येत नाही, हे संरक्षण हातचे जाते.

## ७. फेसलेस चौकशीत सुनावणी मागा

पुढची चौकशी सहसा राष्ट्रीय फेसलेस करनिर्धारण केंद्रामार्फत चालते. समोर माणूस नसतो, फक्त पोर्टल. १४२(१) च्या प्रत्येक नोटिशीला उत्तर द्या. ‘आधीच दिले आहे’ असे असले तरी कोणत्या तारखेला दिले ते लिहून पुन्हा जोडा. उत्तर नाही म्हणून कलम १४४ खाली अधिकाऱ्याच्या अंदाजाने आदेश झाला की पुढची सगळी लढाई जड जाते. अपलोडनंतरची पोचपावती दर वेळी उतरवून ठेवा.

रक्कम वाढवायचा प्रस्ताव असेल तर कारणे दाखवा नोटीस येते. त्याच वेळी व्हिडिओ सुनावणीची मागणी नोंदवा. मागणी आल्यावर ती दिलीच पाहिजे, असे कलम १४४बी सांगते. सुनावणीत मुख्य तीन-चार मुद्दे बोला, हिंदी-इंग्रजीत अडखळत असाल तर सीए किंवा वकिलांना अधिकृत प्रतिनिधी नेमा, आणि जे बोललात ते त्याच दिवशी लेखी अपलोड करा.

जमीन घेणाऱ्याने ‘कागदावरच्या रकमेशिवाय रोख दिली’ असा जबाब दिला असेल, तर त्याची प्रत आणि उलटतपासणी दोन्ही लेखी मागा. ज्याच्या जबाबावर निर्णय उभा आहे त्याची उलटतपासणी नाकारणे हा गंभीर दोष आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अंदमान टिंबर प्रकरणात म्हटले. ते प्रकरण उत्पादन शुल्काचे होते, पण आयकरातही त्याचा आधार घेतला जातो.

## ८. आदेश विरोधात गेला तर

आयुक्त (अपील) यांच्याकडे फॉर्म ३५ ऑनलाइन भरायचा, मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत. निर्धारित उत्पन्नानुसार शुल्क २५०, ५०० किंवा १,००० रुपये. उशीर झाला असेल तर कारणासह विलंब माफीचा अर्ज जोडा. अपिलाच्या कारणांमध्ये प्रक्रियेतला अन्याय वेगळ्या मुद्द्यांत लिहा: माहिती मागूनही दिली नाही, व्हिडिओ सुनावणी मागूनही दिली नाही, अमुक तारखेच्या उत्तराचा आदेशात उल्लेखच नाही. करनिर्धारणाच्या वेळीच संधी दिली गेली पाहिजे, अपिलात ती मिळाली म्हणून मूळचा दोष धुऊन निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये टिन बॉक्स प्रकरणात सांगितले आहे.

अपील केले की वसुली आपोआप थांबते, हा गैरसमज आहे. तुमच्या अधिकाऱ्याकडे स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या जुलै २०१७ च्या सूचनेनुसार सर्वसाधारणपणे मागणीच्या २० टक्के भरल्यावर बाकीची स्थगिती मिळते. अडचण खरी असेल तर त्याहून कमीची विनंती करता येते. अर्ज न देता थांबलात तर बँक खाते गोठवले जाऊ शकते आणि थकीत मागणीवर महिना १ टक्का व्याज चढत राहते.

पुढची पायरी आयकर अपिलीय न्यायाधिकरण. बेळगावची प्रकरणे वर्षानुवर्षे पणजी खंडपीठापुढे चालत आली आहेत. आयुक्तांचा आदेश मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिन्यांत अपील दाखल करायचे.

उच्च न्यायालयात थेट रिट अर्ज करायचा असेल तर बेळगाव जिल्ह्यासाठी कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ आहे. मुदत उघडउघड संपलेली आहे, माहिती न देताच आदेश झाला आहे किंवा नोटीस मृताच्या नावे आहे, अशा प्रकरणांत हा मार्ग वापरतात. व्यवहाराचा पुरावा पुरेसा की अपुरा, एवढाच वाद असेल तर न्यायालय बहुधा अपिलाकडेच पाठवते, आणि तोवर अपिलाचे ३० दिवस निघून जातात. म्हणून धारवाडला जायचे ठरले तरी ३० दिवस केव्हा संपतात ती तारीख वकिलांना पहिल्याच भेटीत दाखवा, आणि तेव्हा मागणीची नोटीस, पोर्टलवरच्या सगळ्या पोचपावत्या आणि माहिती मागितल्याची पत्रे तारखेनुसार लावून सोबत न्या.